वरवटच्या पुढे: माझा एक, त्याचे तीन

खामगावला उतरले तेव्हा माझ्याजवळ एक होल्डॉल, एक पत्र्याची ट्रंक, एक रबरी बाळ आणि स्वतःबद्दल फार चांगलं मत, एवढं सामान होतं. तीन आठवड्यांनी परतले तेव्हा यातलं शेवटचं बरंच हलकं झालं होतं. मनगटावरचं घड्याळही गेलं होतं, पण ते ओघाने येईलच.

महाराष्ट्र राज्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती आणि मला चोवीस. पुण्याच्या एका रुग्णालयात मी परिचारिका होऊ घातलेल्या मुलींना शिकवत असे. हुद्दा 'सिस्टर ट्यूटर'. हा हुद्दा मी माहेरच्या दारावरच्या पाटीतसुद्धा घालायला लावला होता, वडिलांच्या नावाखाली. तर बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या सुईणी आणि थोडंफार शिकलेल्या बायका निवडून, त्यांना लहान मुलांची जिवावरची दुखणी ओळखायला आणि पहिलं औषध द्यायला शिकवायचं, असं एक काम निघालं. कारण सरळ होतं. थंडीत लेकरांच्या छातीत कफ भरायचा, डॉक्टर कोसांवर कोस लांब, आणि बैलगाडी त्यांच्यापर्यंत पोचेतो पुष्कळदा उशीर झालेला असायचा. गावातच कोणाच्या तरी हाती गोळी असली तर लेकरू डॉक्टरपर्यंत टिकेल, असा तो विचार.

जायला कोणी तयार नव्हतं. मी हात वर केला. सेवाभाव वगैरे काही नव्हता. मला लांबचा प्रवास करायचा होता, आणि त्याच आठवड्यात मला बघायला नगरचं एक स्थळ येणार होतं.

त्या प्रवासाची वही अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर 'अज्ञानाच्या अंधारात ज्ञानाची पणती' असं काहीतरी सुरू होतं. पुढचं वाक्य मी परवा नातीला वाचू दिलं नाही. म्हातारपणीसुद्धा माणसाला थोडी लाज असते.

जलंब

मोठी गाडी जलंबला सोडायची आणि खामगावच्या छोट्या गाडीत बसायचं. रबरी बाळ ट्रंकेत मावत नव्हतं, म्हणून टॉवेलात गुंडाळून काखेत धरलं होतं. बसल्यावर मी ते बाकावर शेजारी ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. पौषातली थंडी, वारं झोंबत होतं. एवढ्यात समोरची एक बाई उठली आणि माझ्यावर कडाडली.

"अवं, काऊन असं करून राह्यली? एवढंसं लेकरू, अन् उघडं टाकलं वाऱ्याले!"

मी काही बोलायच्या आत तिने बाळ उचललं, पदराखाली घेतलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"अवं माय! हे तं बाहुली हाये!"

डबा हसला. पुण्यात अशा वेळी लोक तोंड फिरवून हसतात, तेवढी सभ्यता असते. इथे तसं काही नव्हतं. प्रत्येकाला ते बाळ हातात घेऊन बघायचं होतं. खामगाव येईपर्यंत ते चार मांड्यांवर बसून आलं, एका आजोबांनी त्याला बोर देऊ केलं, आणि मला विचारण्यात आलं की लग्न झालं का, नसेल तर का नाही, आणि लग्नाआधी असल्या पोराचं मी करणार काय.

मी त्यांना म्हटलं, "हे प्रात्यक्षिकाचं साधन आहे."

"हाव," त्या बाईने मान हलवली. "तसंच दिसून राह्यलं."

खामगावात हवेत कापूस उडत होता. जिनिंगच्या रस्त्याने चाललं की भुवया पांढऱ्या होत. ज्यांच्याकडे उतरले त्यांनी 'चहा घेणार का' असं विचारलंच नाही. पुण्यात हा प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर काय द्यायचं हे विचारणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचं असतं. इथे ताट समोर आलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची तिखट भाजी, वर कच्च्या तेलाची धार. दुसरी भाकरी मला विचारून वाढली असती तर मी नको म्हटलं असतं, म्हणून ती न विचारताच पडली. तिसरीला मी ताटावर हात धरला, तर ती हातावर पडली.

वरवटच्या पुढे

खामगावहून एसटीने वरवट बकाल, आणि तिथून पुढे बैलगाडीने एक गाव. त्याचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझी टिंगल होत असण्याची शक्यता आहे. काळी सपाट जमीन, वेचणीला आलेला कापूस, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. मी वहीत लिहिलंय, 'निसर्ग रम्य, पण लोक मागासलेले.' हे मी गावात पाय ठेवायच्या आधी, गाडीत बसल्या बसल्या लिहिलं होतं.

माझी सोय शाळेच्या गुरुजींच्या घरी होती. त्यांच्या पत्नीने, वत्सलाकाकूंनी, आल्या आल्या चहा दिला. मी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहा खारट होता.

"काकू, चुकून साखरेऐवजी..."

"नाही हो," काकू हसल्या. "विहिरीचंच पाणी तसं हाये. या पट्ट्यात सारं पाणी खारं. प्यायचं गोडं पाणी नदीतल्या झिऱ्यावरून आणतो, पण आज गडी नाही आला."

नदीच्या कोरड्या वाळूत हाताने खड्डा केला की तळाशी गोडं पाणी झिरपतं, तो झिरा. थेंब थेंब करून घागरभर पाणी जमायची वाट बघत बायका तिथे बसलेल्या असत. इथे डाळसुद्धा विहिरीच्या पाण्यात शिजत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. एखाद्या शहाण्या बाईने त्यावरून पुढचा धडा घेतला असता. मी शहाणी नव्हते, मी सिस्टर ट्यूटर होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर पहिला वर्ग भरला. सहा बायका. विषय, जुलाबाने सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं. मी पुण्याहून पाठ करून आणलेलं प्रमाण फळ्यावर लिहिलं, विहिरीचं पाणी उकळून घेतलं, त्यात साखर घातली, तीन बोटांची चिमूट मीठ घातलं, आणि पेला फिरवला. पहिल्या बाईने चव घेतली आणि शेजारणीकडे बघितलं. शेजारणीने चव घेतली आणि पदर तोंडाला लावला. शेवटी एक पोक्त बाई म्हणाली,

"बाई, मीठ तं आमच्या विहिरीनंच टाकलं होतं. तुम्ही अजून काऊन टाकलं?"

ही पार्बताबाई. पन्नाशी उलटलेली, कपाळावर हिरवं गोंदण, बोटं वांग्याच्या झाडांनी काळपट झालेली. तिचा माळ्याचा मळा नदीपलीकडे होता. सकाळी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन ती गावात यायची आणि उरलेली वांगी वर्गाच्या दारात ठेवायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातून जन्माला आली होती. अक्षर मात्र एकही येत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी पेले नव्याने भरले, झिऱ्याच्या पाण्याचे. फळ्यावर मी 'पाणी गोडे असावे' असं एक वाक्य वाढवलं. वहीत मात्र लिहिलंय, 'प्रशिक्षणार्थींना प्रमाण समजण्यास वेळ लागतो.'

ओसरी

खरं काम होतं छातीच्या दुखण्याचं. कफाने छाती भरली की लेकरू भराभर श्वास घेतं, बरगड्यांखाली पोट आत ओढलं जातं, दूध प्यायचं बंद होतं. अशा लेकराला सल्फाची गोळी वयाप्रमाणे तुकडा करून द्यायची आणि लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. पण साध्या पडशाला गोळी द्यायची नाही. म्हणजे ओळखणं महत्त्वाचं. आणि ओळखायचं श्वास मोजून, घड्याळ लावून. वर्षाच्या आतलं बाळ, मिनिटाला पन्नासच्या वर श्वास, तर धोका.

मी रबरी बाळ पुढे ठेवलं. "आता याचे श्वास मोजा बरं."

कोणी हललं नाही.

"मोजा ना."

"बाई," पार्बताबाई सावकाश म्हणाली, "हे तं मेलं हाये."

उद्यापासून खरी मुलं आणा, असं सांगून मी वर्ग सोडला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बावीस मुलं आली. काही शिंकत होती, काही नागडी होती, एक मागे फळ्यापाशी खडू खात होतं. मला वाटलं होतं तीन-चार येतील. 'आणा' म्हटलं की इथे आणतात, हे मी शिकले.

घड्याळ एकच होतं, माझं. परीक्षेत पहिली आले तेव्हा वडिलांनी दिलेलं, बारीक लाल सेकंद काटा असलेलं. ते मी हातातून हातात फिरवू लागले. सातवी पास झालेली शांता नावाची एक तरुण सून होती, ती चटकन शिकली. एका हातात घड्याळ, दुसरा बाळाच्या पोटावर, ओठ हलत राहायचे आणि आकडा तयार. छत्तीस, बेचाळीस. मी खूश. बाकीच्याही अडखळत जमवू लागल्या. पार्बताबाई मात्र घड्याळ हातात घ्यायची, उलटं धरायची आणि पुढच्या बाईकडे द्यायची.

आणि तरीही तिची उत्तरं बरोबर यायची. एका शेंबड्या मुलीला तिने मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बरी हाये." शांताने मोजले, चौतीस. दुसऱ्या एका बाळाला घेऊन म्हणाली, "ह्याच्यावर ध्यान ठेवा." शांताने मोजले, अठ्ठेचाळीस. असं चार-पाच वेळा झालं. मी काय निष्कर्ष काढला? की ती शांताच्या ओठांकडे बघून सांगते.

चौथ्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पार्बताबाई, दुसऱ्याचं पाहून सांगायचं नाही हं. तुम्ही जरा लांब बसा."

 अर्ध्या गावाच्या सुईणीला चोवीस वर्षांची पोर 'तू कॉपी करतेस' म्हणत होती. पार्बताबाई उठली, खांबापाशी जाऊन बसली. मग जवळचं एक पोट्टं ओढून घेतलं, आपल्या पोटाला त्याचं पोट लावलं आणि डोळे मिटून घेतले.

"पाहा बाई. माझा दम एक, त्याचे दोन. चांगलं. माझा एक, त्याचे तीन, तं ध्यान ठेवायचं. तिनाच्या वर गेलं का मंग डाक्तर. यात पाहून काय सांगाचं?"

आज हे लिहिताना हात थांबतो. इतकं साधं, इतकं शहाणपणाचं काहीतरी माझ्या पुढ्यात बसून होतं. आणि मी काय म्हटलं? "हे शास्त्र नाही, पार्बताबाई. मला आकडा हवा."

"आकडा तुमच्या घड्यायात हाये. माह्याकडं पोट हाये."

वर्गाच्या शेवटी कोण पास, कोण नापास, याचा एक छापील तक्ता भरायचा होता. पास होईल तिला वरवटच्या दवाखान्याचे डॉक्टर स्वतः येऊन गोळ्यांची डबी देणार होते, नापास झाली ती रिकाम्या हाताने घरी. नदीपलीकडच्या मळ्यातल्या साऱ्या झोपड्यांना पार्बताबाईखेरीज कोणी नव्हतं. तिला डबी मिळाली नाही तर तिकडे डबी जाणारच नव्हती. हे मला माहीत होतं. त्या रात्री न थांबता, शाईने, तीन प्रतींत कार्बन घालून, मी तिच्या नावासमोर लिहिलं, 'अनुत्तीर्ण'. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घड्याळाचा उपयोग करता येत नाही.' आणि अक्षर किती छान आलंय म्हणून लांब धरून बघितलं.

विहीर

मधल्या रविवारी बायकांनी मला मळ्यात रोडग्याचं जेवण दिलं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, मग फडक्यात घालून राख झटकतात, फोडतात, तुपात बुडवतात, आणि सोबत वांग्याची रस्सा भाजी. मी चमचा शोधत होते. पार्बताबाईने माझ्या पानातला रोडगा मुठीने फोडला आणि म्हणाली, "जेवा बाई, हे घड्याय लावून खायचं नसते." झाल्या प्रकाराबद्दल तिने एवढाच सूड उगवला.

जेवणानंतर हात धुवायला म्हणून विहिरीवर गेले. खारं पाणी किती खोल आहे हे बघायला वाकले. का वाकले, ते आजही सांगता येत नाही. तुपाचा हात, मनगटावर ओघळलेलं तूप, आणि तो सैल पट्टा. 'टुप्' असा अगदी लहानसा आवाज आला. वर बघितलं तर सगळ्या जणी पदर तोंडात कोंबून उभ्या.

"आता विहीर वेळ सांगन," कोणीतरी म्हणालं.

गळ टाकून दुसऱ्या दिवशी ते काढलं. आत खारं पाणी डुचमळत होतं. लाल काटा कुठल्याच आकड्यावर नव्हता, तो सुटून तळाशी पडला होता.

नदीपलीकडे

बुधवारी सकाळी वर्ग भरत होता. डॉक्टर आपल्या जीपने बुलढाण्याला बैठकीला गेले होते, ते दुपारी परतणार होते. एवढ्यात मळ्यातली एक म्हातारी धापा टाकत आली. तिच्या सुनेचं, चंद्राचं, आठ महिन्यांचं पोर रात्रीपासून कुरकुरत होतं आणि सकाळी अंगावर प्यायलाच तयार नव्हतं.

मी औषधाची पिशवी उचलली आणि निघाले. निघाले म्हणजे पळत सुटले. लुगड्याचा ओचा वर खोचून, वाळूतून, झिऱ्यांवर बसलेल्या बायकांमधून वाट काढत. त्या धावण्याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता, तेही सांगून टाकते. मागून पार्बताबाई नेहमीच्या चालीने येत होती. तिला मागे टाकल्याचाही मला आनंद झाला.

चंद्रा दारात उभी होती. कापूस वेचायची ओटी कमरेला बांधलेली. तिला एवढंच विचारायचं होतं, वेचणीला जाऊ की घरी राहू?

घड्याळ नव्हतं. मग, जी पद्धत शास्त्र नाही म्हणून मी सगळ्यांसमोर झिडकारली होती, तीच मी हळूच काढली. बाळ घेतलं, पोटाला पोट लावलं, डोळे मिटले. माझा एक, त्याचे दोन. पुन्हा, माझा एक, त्याचे दोन. एकदाही तीन नाही!

"पडसं आहे साधं," मी सांगितलं. "निलगिरीचं तेल लाव. घाबरायचं काही नाही. जा तू खुशाल."

चंद्राचा चेहरा उजळला. तिने बाळ सासूकडे द्यायला हात पुढे केले. तेवढ्यात पार्बताबाई अंगणात आली.

"काय म्हनते वं चंद्रे?"

"बाईनं पाह्यलं. पडसं हाये म्हनते."

पार्बताबाईने बाळाकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. माझे केस सुटले होते, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, तोंडाने श्वास चालला होता.

"बाई, कोनाच्या दमानं मोजलं?"

"माझ्याच."

"बाप्पा!" ती म्हणाली. "तुमच्या आताच्या दमानं मोजलं तं मरनारा बैलबी धट्टाकट्टा निघन. पयले बसा."

मी बसले. तीही बसली. बाळ मांडीवर घेतलं, पण पोटाला लावलं नाही. हात गुडघ्यावर ठेवून नुसती बसून राहिली. मला राहवेना.

"अहो, वेळ जातोय!"

"जाऊ द्या. दम घरी येऊ द्या."

मला आठवतंय, चुलीवर काहीतरी रटरटत होतं आणि चंद्रा एका जागी उभी, ओटीची गाठ सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, घड्याळ नव्हतं ना. मग पार्बताबाईने बाळ पोटाला लावलं. तिच्या एका श्वासात, बाळाच्या प्रत्येक श्वासाला, उजव्या हाताचं एकेक बोट मिटत गेलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं.

पुन्हा चार.

"आंगडं वर करा," ती मला म्हणाली.

मी झबलं वर केलं. बरगड्यांखाली पोटात खड्डा पडत होता, भरत होता, पडत होता. जे मी ओसरीवर टांगलेल्या चित्रावर काठीने दाखवलं होतं, जे सहा बायकांकडून रोज घोकून घेतलं होतं, ते बघण्यासाठी मी झबलंसुद्धा वर केलं नव्हतं.

पुढचं काम भराभर झालं. पण भराभर म्हणजे पळत नव्हे, तेवढं आता कळलं होतं. पार्बताबाईने गोळीचा तुकडा वाटीत चुरला, चंद्राच्या दुधात कालवला आणि बोटाने थेंब थेंब करून बाळाच्या गालाच्या आत सोडला. थुंकला तेवढा पुन्हा दिला. चंद्राच्या दिराने दमनी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली. बाळाला चंद्राने वरवटच्या दवाखान्यापर्यंत उभं धरून नेलं. ऊन उतरायच्या आत डॉक्टर परतले आणि इंजेक्शन झालं.

संध्याकाळी बाळाला घरी आणलं, आणि पार्बताबाई दोन दिवस चंद्राच्या घरून हलली नाही. मी मधूनमधून जात होते. ती मला आकडे सांगायची, आकड्यांचा हट्ट मीच धरला होता ना.

"साडेतीन झाले."

दुसऱ्या दिवशी, "तीन."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारात पोचले, आणि पोचल्यावर आधी पायरीवर बसले. ती आतूनच बघत होती, हसली.

"अडीच. अन् आंगावर पिऊन राह्यला. चांगला वढून राह्यला."

 चंद्राच्या कमरेला अजून ओटी होती, रिकामी. ती सोडायचं तिला तीन दिवस सुचलं नव्हतं.

तक्ता

शनिवारी डॉक्टर ओसरीवर आले. सहा पत्र्याच्या डब्या टेबलावर मांडल्या. मी तक्ता हातात घेतला. सरकारी तक्त्यात निकाल खोडलेला चालत नाही, नावाची चूक तेवढी सही करून दुरुस्त होते. तीन प्रती, छापील, शाईत. पास पाच, नापास एक. 'अनुत्तीर्ण' हा शब्द त्या कागदात पक्का बसला होता, माझ्या छान अक्षरात. नवा तक्ता वरवटलाही मिळण्यासारखा नव्हता.

आदल्या रात्री मी त्यावर विचार केला होता, आणि माझ्या तेव्हाच्या अकलेला सुचला तो एकच मार्ग होता. नावाच्या रकान्यात पार्बताबाईच्या नावावर एक रेघ मारून, शेजारी सही करून, मी दुसरं नाव लिहिलं होतं. तिचं नाव खाली, उत्तीर्णांत वाढवलं होतं.

डॉक्टर वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"सिस्टर, हे काय? नापास म्हणून तुमचं नाव आहे."

"हो सर."

"कारण, 'घड्याळाचा उपयोग करता येत नाही.'"

"ते खोडायची गरज पडली नाही सर. घड्याळ विहिरीत बुडालं."

मग मला सगळं सांगावं लागलं. धावणं, धापा, दोन, पडसं, 'जा तू खुशाल'.  डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्वतःचं घड्याळ काढलं आणि ओसरीवरच्या तीन मुलांना एकामागून एक पार्बताबाईच्या मांडीवर दिलं. ती सांगायची, ते मोजायचे. तिन्ही वेळा त्यांनी 'बरोबर' म्हणून नुसती मान डोलावली. मग खाली सही केली आणि सहावी डबी तिच्या हातात ठेवली.

पार्बताबाईने डबी पदरात बांधली आणि शांताला विचारलं, "पोरी, कागदावर काय लिह्यलं हाये, सांग मले."

शांताने मोठ्याने वाचून दाखवलं. आधी पास झालेल्यांची सहा नावं, मग सातवं, माझं. सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या.

"मंग बाईले डबी नाई भेटत का?" पार्बताबाईने विचारलं.

"नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "त्या नापास आहेत."

पार्बताबाई माझ्याजवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला वांग्याच्या पानांचा वास होता.

"घाबरू नका बाई. पुढच्या साली या. आमी पास करू."

पुढच्या साली मी गेले. खामगावची छोटी गाडी, खारट चहा, वाळू, सगळं तसंच होतं. पार्बताबाईच्या अंगणात पोचले, कोणी सांगायच्या आधी खाली बसले आणि दम घरी येईतो वाट बघितली. ती ओट्यावरून बघत होती. पास केलं की नाही, ते तिने मला कधीच सांगितलं नाही.